खोटी खूण: जुन्या कार्ब्युरेटर इंजिनाच्या इग्निशन टायमिंगचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

या प्रकरणातील गाडी चार सिलिंडरांची, एका कार्ब्युरेटरवर चालणारी आणि कॉन्टॅक्ट पॉइंट (उघडताच ठिणगी पाडणारा स्विच) असलेल्या डिस्ट्रिब्युटरची (प्रत्येक सिलिंडरला पाळीने ठिणगी पोहोचवणाऱ्या भागाची) होती. बॅटरी, कॉइल आणि पॉइंट यांच्या साहाय्याने ठिणगी पाडण्याची ही पद्धत चार्ल्स केटरिंग यांनी १९१० च्या सुमारास वापरात आणली आणि पुढे अनेक दशके बहुतेक पेट्रोल गाड्या तिच्यावरच चालल्या. मालक गाडी नियमित वापरत होते, वंगण वेळेवर बदलत होते आणि इंजिनाचे कॉम्प्रेशन चारही सिलिंडरांत जवळजवळ सारखे येत होते. म्हणजे इंजिन जुने असले तरी थकलेले नव्हते, ही गोष्ट पुढच्या तर्कासाठी महत्त्वाची ठरली.

निर्मात्याच्या दुरुस्ती पुस्तिकेतील आकडे असे होते: पॉइंटची फट ०.४० मिलिमीटर, ड्वेल (पॉइंट बंद राहतात तेवढा डिस्ट्रिब्युटरचा फेरा) ५२ अंश, आणि डिस्ट्रिब्युटरला जोडलेली व्हॅक्यूमची नळी काढून, तिचे तोंड बंद करून मिनिटाला ८०० फेऱ्यांच्या आयडलवर (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालते त्या गतीवर) टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, टीडीसीच्या (टॉप डेड सेंटर, पिस्टन सर्वांत वर असतो तो बिंदू) ८ अंश आधी. डिस्ट्रिब्युटरमधील वजनांमुळे मिळणारा सेंट्रिफ्युगल ॲडव्हान्स (वेग वाढेल तशी ठिणगी आणखी आधी पडणे) क्रँकच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या, मापाने जास्तीत जास्त २४ अंश होता आणि तो ४००० फेऱ्यांच्या आसपास पूर्ण व्हायचा होता.

तक्रार

तक्रार एक नव्हती, दोन होत्या, आणि त्या आलटून पालटून येत होत्या. पहिल्या मेकॅनिकने टायमिंग लाइट (ठिणगीच्या क्षणी चमकून क्रँकच्या पुलीवरची खूण दाखवणारा दिवा) लावून पुस्तिकेप्रमाणे काटेकोर ८ अंश ठेवले की गाडी चढाला ओढत नसे, पेट्रोल जास्त खात असे आणि थोडा वेळ एका जागी उभी राहून चालू ठेवली तर तापमापकाचा काटा वर चढू लागे. वैतागून मालकांनी गाडी दुसऱ्या मेकॅनिककडे नेली. त्याने लाइट बाजूला ठेवला, डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट सैल केला, इंजिनाचा आवाज ऐकत तो हळूहळू फिरवला आणि जिथे आयडल सर्वांत जलद व गुळगुळीत झाले तिथून किंचित मागे घेऊन बोल्ट कसला. गाडी एकदम हलकी वाटू लागली. पण चौथ्या गिअरमध्ये चढ लागला की टिनाच्या डब्यात खडे हलवावेत तसा नॉकिंगचा आवाज येऊ लागला, आणि गरम इंजिन बंद करून लगेच सुरू करताना स्टार्टर अडखळू लागला.

यावर मालकांचा निष्कर्ष असा होता की पुस्तिकेतला आकडा आता या इंजिनाला लागू पडत नाही. या निष्कर्षाला अगदीच आधार नव्हता असे नाही. पुस्तिका शिसेयुक्त पेट्रोलच्या काळातली होती आणि इंधन बदलले की ठिणगीची योग्य वेळही काही अंशांनी बदलते. मात्र कानाने लावलेले टायमिंग लाइटखाली पाहिले तेव्हा पुलीवरची खूण टीडीसीच्या २२ अंश आधी दिसली. पुस्तिकेतील आकड्यापासून चौदा अंशांचे अंतर इंधनाच्या फरकाने पडत नाही. शिवाय मूळ पुस्तिकेच्या आकड्यावर इंजिन सुस्त का होते, याचे उत्तर त्यात मिळतच नव्हते. आकडा बरोबर, लाइट बरोबर आणि इंजिनही ठणठणीत असेल, तर मधली एखादी गोष्ट खोटे बोलत असली पाहिजे, एवढेच त्या क्षणी म्हणता येत होते.

टायमिंग जुळवणे म्हणजे काय जुळवणे

पुढचे निर्णय समजण्यासाठी थोडे मूळ गणित मांडणे आवश्यक आहे. सिलिंडरमधले मिश्रण ठिणगी पडताच एका क्षणात जळून जात नाही. ज्योत पसरायला काही मिलीसेकंद लागतात. दाब सर्वांत जास्त व्हावा तो पिस्टन टीडीसी ओलांडून साधारण पंधरा अंश खाली आलेला असताना, कारण तेव्हाच क्रँकला चांगला रेटा मिळतो. म्हणून ठिणगी आधी पाडावी लागते. ८०० फेऱ्यांवर क्रँक एका मिलीसेकंदात ४.८ अंश फिरतो, तर ३००० फेऱ्यांवर तेवढ्याच वेळात १८ अंश. वेग वाढेल तशी ठिणगी अधिकाधिक आधी पडली पाहिजे, हे काम डिस्ट्रिब्युटरमधील वजने आणि स्प्रिंगा करतात. हलक्या भारावर थ्रॉटल अर्धवट उघडा असतो तेव्हा सिलिंडरमध्ये मिश्रण विरळ भरते आणि सावकाश जळते, म्हणून व्हॅक्यूमचा पडदा त्यात आणखी ॲडव्हान्सची भर घालतो.

ठिणगी फार उशिरा पडली तर ज्वलन पिस्टन खाली जात असताना लांबते, शक्ती वाया जाते आणि जास्तीची उष्णता एक्झॉस्टच्या वाटेने व इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यात जाते. फार लवकर पडली तर वर येणाऱ्या पिस्टनला दाबाचा अडथळा होतो, उरलेले मिश्रण ज्योत पोहोचण्याआधीच आपोआप पेटते आणि नॉकिंग होते. मालकांच्या दोन तक्रारी या दोन टोकांशी तंतोतंत जुळत होत्या. चमत्कारिक भाग इतकाच की ‘फार उशिरा’ची लक्षणे पुस्तिकेच्या आकड्यावर दिसत होती.

कानाने टायमिंग लावण्याबाबत एक गोष्ट येथेच नोंदवतो. आयडलवर सिलिंडरमध्ये जळलेल्या वायूचे प्रमाण जास्त राहते, मिश्रण मंद जळते, आणि म्हणून इंजिनाला तेव्हा खूप ॲडव्हान्स आवडतो. पण आयडलवर आवडणारा ॲडव्हान्स भाराखाली सोसतोच असे नाही. व्हॅक्यूम गेजचा काटा सर्वांत वर नेऊन टायमिंग लावण्याच्या पद्धतीतही हाच धोका असतो. दुसऱ्या मेकॅनिकचा कान चांगला होता यात शंका नाही. तो कान उभ्या गाडीचा होता, चढावरच्या गाडीचा नव्हता.

समोर असलेले पर्याय

गाडी आमच्याकडे आली तेव्हा चार मार्ग चर्चेत होते. पहिला, दोन्ही आकड्यांच्या मधे कुठेतरी, म्हणजे खुणेच्या १५ अंशांवर, टायमिंग ठेवून रस्त्यावर चाचणी घेत नॉकिंग थांबेपर्यंत मागे घेत जाणे. तासाभरात काम झाले असते आणि कदाचित गाडी बरी चाललीही असती, पण मूळ दोष तसाच राहिला असता. दुसरा, सिलिंडर हेड उघडून कार्बन साफ करणे. कार्बनच्या थरामुळे कॉम्प्रेशन वाढून नॉकिंग होऊ शकते हे खरे, पण त्याने सुस्तीचे स्पष्टीकरण मिळत नव्हते. तिसरा मालकांच्या पसंतीचा होता: पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल बसवणे. मॉड्यूलने पॉइंटची झीज संपते, पण ठिणगीची वेळ ठरवणारी वजने, स्प्रिंगा, पडदा आणि पुलीवरची खूण यांतले काहीच बदलत नाही. ज्या साखळीत दोष कुठे आहे हे ठाऊक नाही तिच्यात नवीन कडी बसवणे आम्हाला पटले नाही. चौथा मार्ग म्हणजे ठिणगीच्या वेळेशी संबंधित प्रत्येक भाग क्रमाने तपासणे. वेळ जास्त लागणार होता, तरी तोच निवडला.

पहिले पाऊल: पॉइंट

टायमिंगला हात लावण्याआधी पॉइंट पाहणे हा क्रम चुकवता येत नाही, कारण फट बदलली की टायमिंगही बदलते. फट वाढली तर पॉइंट लवकर उघडतात आणि ठिणगी आधी पडते. फट कमी झाली तर उलट. ड्वेल एका अंशाने वाढला की टायमिंग क्रँकच्या मापाने साधारण एका अंशाने मागे पडते. टायमिंग आधी आणि पॉइंट नंतर लावले तर पहिले काम पुन्हा करावे लागते.

या गाडीत पॉइंटच्या एका बाजूला टोक आले होते आणि दुसऱ्या बाजूला खड्डा पडला होता. अशा पॉइंटमध्ये फीलर गेज (फट मोजण्याची पातळ पट्टी) टोकावर टेकतो आणि प्रत्यक्षापेक्षा कमी फट दाखवतो. ड्वेल मीटरवर ४६ अंश आले. म्हणजे खरी फट गरजेपेक्षा जास्त होती. नवे पॉइंट व कंडेन्सर बसवले, कॅमवर ग्रीसचा बारीक थर दिला आणि ड्वेल ५२ वर आणला. डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट हाताने हलवून पाहिला. बुशमध्ये खेळ नगण्य होता. शाफ्ट ढिला असता तर ड्वेल फेऱ्यांबरोबर भटकला असता आणि पुढचे सारे मोजमाप निरर्थक ठरले असते.

येथे थांबून लाइट लावून टायमिंग ८ वर आणण्याचा मोह होता. तसे केले असते तर गाडी पुन्हा पहिल्या मेकॅनिकच्या अवस्थेत परत गेली असती.

निर्णायक प्रश्न: खूण खरी आहे का

टायमिंग लाइट पहिल्या प्लगच्या तारेतून आवेग मिळताच चमकतो आणि त्या क्षणी पुलीवरची खूण स्थिर दाखवतो. तो पिस्टन पाहत नाही. पुलीवरची खाच पाहतो. खाच आणि पिस्टन यांचे नाते कारखान्यात ठरलेले असते, आणि पुली अखंड धातूची असेल तर ते सहसा बिघडत नाही. या इंजिनाची पुली मात्र हार्मोनिक बॅलन्सर पद्धतीची होती: आतला भाग क्रँकवर घट्ट बसलेला, बाहेरची रिंग वेगळी आणि दोहोंच्या मधे रबराचा थर. खाच बाहेरच्या रिंगवर होती, आणि पट्टाही तिच्यावरूनच जात होता. रबर जुने होऊन सुटू लागले की पट्ट्याच्या ओढीने बाहेरची रिंग फिरण्याच्या दिशेत मागे राहू लागते. बाहेरून पाहताना फारसे काही दिसत नाही. जवळून पाहिल्यावर रबराच्या कडेला भेगा आणि एका ठिकाणी रबर बाहेर आलेले आढळले.

संशयावर पुली बदलणे योग्य नव्हते, म्हणून पिस्टन अडवून टीडीसी शोधण्याची पद्धत वापरली. बॅटरीची तार काढली, चारही प्लग काढले आणि पहिल्या सिलिंडरच्या प्लगच्या जागी, पिस्टनला वर पोहोचण्याआधीच थांबवेल असा बोथट टोकाचा थांबा बसवला. क्रँकच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने हळू फिरवले. पिस्टन थांब्याला टेकताच इंजिनावरील स्थिर काट्यासमोर पुलीवर खडूने एक रेघ मारली. मग उलट दिशेने फिरवून पुन्हा टेकवले आणि दुसरी रेघ मारली. खरी टीडीसी या दोन रेघांच्या बरोबर मध्यावर असते, मग थांबा कितीही खोल असो. हे काम स्टार्टरने कधीही करू नये. पिस्टनच्या डोक्याला भोक पडू शकते.

दोन रेघांमधले अंतर पुलीच्या कडेने ६२ मिलिमीटर आले, म्हणजे मध्य ३१ वर. कारखान्याची शून्याची खाच या मध्यापासून १२ मिलिमीटर दूर होती. पुलीचा व्यास १५० मिलिमीटर, परीघ सुमारे ४७१, म्हणजे एका अंशाला १.३ मिलिमीटर. बारा मिलिमीटरचा अर्थ झाला सुमारे ९ अंश, आणि तेही मागच्या बाजूला: पिस्टन टीडीसीवर पोहोचला तरी खाच काट्यापर्यंत आलेली नव्हती.

या एका मोजमापाने दोन्ही मेकॅनिकांचे काम नव्या प्रकाशात दिसले. पहिल्याने लाइटखाली ८ अंश आधी असे पाहिले तेव्हा ठिणगी प्रत्यक्षात टीडीसीच्या एक अंश नंतर पडत होती. इंजिन सुस्त आणि गरम असणे साहजिकच होते. दुसऱ्याने खुणेवर २२ केले तेव्हा ते खरे १३ होते. म्हणजे तो दिसत होता तितका चुकलेला नव्हता, पण पाच अंश पुढे गेलेलाच होता.

नवी पुली बसवली, थांब्याने टीडीसी पुन्हा तपासली आणि खाच आता मध्यावर येते याची खात्री केली. इंजिन पूर्ण गरम करून, व्हॅक्यूमची नळी काढून तिचे तोंड बंद करून, आयडल ८०० वर आणून टायमिंग ८ अंशांवर बसवले. रोटर ज्या दिशेने फिरतो तिच्या उलट डिस्ट्रिब्युटर फिरवला की ठिणगी आधी पडते, आणि त्याच दिशेने फिरवला की उशिरा. बोल्ट कसताना डिस्ट्रिब्युटर हमखास थोडा सरकतो, म्हणून कसल्यावर लाइट पुन्हा लावून पाहिला.

दुसरा दोष

अपेक्षा अशी होती की येथे काम संपेल. सुस्ती गेली, तापमापकाचा काटा जागेवर राहिला, गरम इंजिन एका झटक्यात सुरू होऊ लागले. परंतु चढावर, साधारण १८०० ते २५०० फेऱ्यांच्या दरम्यान, नॉकिंग हलके का होईना, ऐकू येत होते.

या टप्प्यावर टायमिंग तीन-चार अंश मागे घेणे हा सर्वांत सोपा उपाय होता आणि मालकांनीही तोच सुचवला. आम्ही तो नाकारला, कारण आयडलवर टायमिंग बरोबर असून ठरावीक फेऱ्यांमध्येच नॉकिंग होत असेल तर संशय मूळ टायमिंगवर नसून ॲडव्हान्स ज्या चढणीने वाढतो तिच्यावर घ्यायला हवा. अंश वाचता येणाऱ्या लाइटने, व्हॅक्यूमची नळी काढलेलीच ठेवून, फेऱ्या टप्प्याटप्प्याने वाढवत नोंदी घेतल्या. पुस्तिकेनुसार २००० फेऱ्यांवर एकूण साधारण १८ अंश यायला हवे होते. प्रत्यक्षात ३२ आले. पुढे ४००० पर्यंत नेले तरी ते ३२ च राहिले. म्हणजे शेवटचा आकडा अचूक होता, पण तिथे पोहोचण्याची घाई झाली होती.

डिस्ट्रिब्युटर उघडल्यावर कारण दिसले. वजनांना ओढून धरणाऱ्या दोन स्प्रिंगांपैकी एक मूळची नव्हती. ती बारीक तारेची होती आणि मागे कधीतरी कुणीतरी हाताशी सापडली ती बसवली असावी. डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, त्यामुळे तेथील बारा अंश क्रँकवर चोवीस होतात. स्प्रिंगेतला लहानसा फरकही दुपटीने बाहेर येतो. काही डिस्ट्रिब्युटरांत दोन स्प्रिंगा मुद्दामच वेगवेगळ्या ताकदीच्या असतात, म्हणून ‘दोन्ही सारख्या नाहीत’ एवढ्यावर दोष ठरवला नाही. मोजलेली चढण पुस्तिकेशी जुळत नव्हती, हा खरा पुरावा होता. योग्य जोडी मिळवून बसवली, वजनांच्या खुंट्या साफ करून त्यांना वंगण दिले. त्यानंतर २००० फेऱ्यांवर १८ ते १९ अंश आणि ४००० वर ३२ अशी नोंद आली.

याच वेळी व्हॅक्यूमचा पडदाही तपासला. नळीतून हातपंपाने ओढले तर निर्वात टिकत नव्हता. पडदा फाटलेला होता. नॉकिंगशी याचा संबंध नव्हता, उलट त्यामुळे हलक्या भारावरचा ॲडव्हान्स मिळतच नव्हता आणि पेट्रोलच्या खपात त्याचा वाटा नक्कीच होता. तोही बदलला.

निष्पत्ती

रस्त्यावरची चाचणी त्याच चढावर, त्याच गिअरमध्ये घेतली. नॉकिंग ऐकू आले नाही. उभ्या गाडीत तापमान वाढण्याची तक्रार पुन्हा आली नाही आणि पेट्रोलचा खप, मालकांच्या स्वतःच्या नोंदीप्रमाणे, स्पष्ट कमी झाला. तो किती दोषामुळे किती कमी झाला हे वेगळे काढता येणार नाही, कारण पुली, स्प्रिंगा आणि पडदा यांची कामे जवळजवळ एकत्रच झाली. कार्बनसाठी हेड उघडण्याची वेळ आली नाही.

काही महिन्यांनी गाडी पुन्हा पाहिली तेव्हा ड्वेल ५४ झाला होता आणि टायमिंग ६ अंशांवर आले होते. नव्या पॉइंटचा कॅमवर घासणारा ठोकळा सुरुवातीला बसतो आणि झिजतो, त्यामुळे एवढा फरक अपेक्षितच असतो. पॉइंटची फट दुरुस्त करताच टायमिंग डिस्ट्रिब्युटरला हात न लावता ८ वर परत आले.

वेगळे काय करता आले असते

आमच्या बाजूची मोठी चूक क्रमाची होती. ॲडव्हान्सची चढण पहिल्याच दिवशी मोजली असती तर खोट्या खुणेवरसुद्धा ती चुकीची असल्याचे कळले असते, कारण खुणेचा दोष सर्व फेऱ्यांवर सारखाच नऊ अंशांचा राहतो आणि त्यामुळे आकडे सरकतात, चढणीचा आकार बदलत नाही. तसे झाले असते तर डिस्ट्रिब्युटर एकदाच उघडावा लागला असता आणि मालकांना चढावर दुसऱ्यांदा निराश व्हावे लागले नसते. शिवाय प्रत्येक दुरुस्तीनंतर वेगळी चाचणी घेतली असती तर पडद्याचा पेट्रोलवरचा परिणाम आज सांगता आला असता.

गाडी आमच्याकडे येण्याआधीच्या निर्णयांबद्दल बोलायचे तर, तापमानाच्या तक्रारीवर पहिल्यांदा थर्मोस्टॅट बदलला गेला आणि रेडिएटर साफ झाला. लक्षण पाण्याचे होते म्हणून पाण्याची व्यवस्था पाहिली गेली हे समजण्यासारखे आहे, परंतु गाडी गरम होते आणि ओढतही नाही, या दोन गोष्टी एकत्र सांगितल्या गेल्या असत्या तर ठिणगीचा विचार लवकर झाला असता. मालकांनी त्या वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या माणसांना सांगितल्या होत्या.

पुस्तिकेवरचा पहिल्या मेकॅनिकचा विश्वास चुकीचा नव्हता. तो ज्या खुणेवरून ती वाचत होता ती खूण तपासायला अर्धा तास लागतो, आणि रबर असलेल्या जुन्या पुलीवर तो अर्धा तास टायमिंग लाइट हातात घेण्याआधी खर्च करावा, असे आम्ही आता आमच्या कामाच्या यादीत लिहून ठेवले आहे. दुसऱ्या मेकॅनिकचे मात्र एक काम राहून गेले: कानाने जागा सापडल्यावर लाइट लावून २२ हा आकडा पाहिला असता, तर इतका मोठा आकडा कसा येतो हा प्रश्न त्याच दिवशी पडला असता.